हजरत यूसुफ (अलै.) यांचे स्वप्न आणि आपल्या मुलांच्या हातातील मोबाईल





दिव्य कुरआनातील बारावी सूरह 'यूसुफ' ही आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. अल्लाहने स्वतः या वृत्तांताला सर्वोत्तम वृत्तांत म्हटले आहे. तो ऐकताना आपले मन विहिरीपाशी थांबते, मिसरच्या तुरुंगात जाते, दुष्काळातील धान्याच्या कोठारांकडे वळते. परंतु या थोर वृत्तांताचा आरंभ एका अगदी साध्या, घरगुती प्रसंगाने होतो. एक लहान मुलगा आपल्या वडिलांजवळ येतो आणि मनातील गोष्ट त्यांना सांगतो. अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यापुढे नतमस्तक झालेले त्याने स्वप्नात पाहिले आहे.

वडील म्हणजे प्रेषित हजरत याकूब (अलै.). ते मुलाचे बोलणे पूर्ण ऐकून घेतात. हसण्यावारी नेत नाहीत, नंतर ये म्हणून टाळत नाहीत. मायेने 'बाळा' अशी हाक मारून ते जे पहिले वाक्य बोलतात, त्याचा आशय असा की, हे स्वप्न आपल्या भावांना सांगू नकोस, नाहीतर ते तुझ्याविरुद्ध कारस्थान रचतील. सैतान हा माणसाचा उघड शत्रू आहे. स्वप्नाचा शुभ अर्थ ते त्यानंतर सांगतात.

चौथ्या व पाचव्या आयतीतील या छोट्याशा संवादावर आज आपण थोडे थांबून विचार करू या. मनात काही आले की प्रथम वडिलांकडे धाव घेणारा मुलगा, आणि कोणती गोष्ट कोणाजवळ बोलावी हे मुलाला शिकवणारे वडील, असे हे चित्र आहे. आपल्या घरात हे चित्र उरले आहे काय? आज मुलाला स्वप्न पडले, यश मिळाले, कोणी दुखावले किंवा एकटे वाटले, तर ती गोष्ट प्रथम कोठे जाते? अम्मीच्या कानी जाते, की व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर जाते?

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की आपल्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या राखणीतील लोकांविषयी जाब द्यावा लागेल. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सूरह तहरीमच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना स्वतःला आणि आपल्या कुटुंबियांना अग्नीपासून वाचविण्याचा आदेश आहे. मुलाच्या हाती मोबाईल देऊन आपली राखणदारी संपत नाही. खरे म्हणजे त्या दिवसापासून ती अधिक अवघड होते.

प्रथम ऐकणारे माता-पिता व्हा

मुलांना काय शिकवावे याचा विचार करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमचे मूल मागच्या वेळी काही सांगायला आले, तेव्हा तुमची नजर कोठे होती? त्याच्या चेहऱ्यावर होती, की पडद्यावर? मुले उपदेशापेक्षा आचरणातून अधिक शिकतात. ज्या घरात दस्तरखानावर अब्बांचा मोबाईल ताटाशेजारी असतो आणि अम्मी रील पाहत घास भरवते, त्या घरात मोबाईलच्या दुष्परिणामांवर दिलेले व्याख्यान भिंतीला ऐकवल्यासारखे आहे.

याहून गंभीर गोष्ट खाते उघडताना घडते. फेसबुक व इन्स्टाग्रामने स्वतःच्या नियमांत किमान वय १३ वर्षे ठेवले आहे; व्हॉट्सअॅपचीही अट तीच आहे. दहा वर्षांचा मुलगा हट्ट धरतो आणि आपण त्याच्याजवळ बसून जन्माचे वर्ष बदलून टाकतो. अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. एका मातेने आपल्या लहान मुलाला काहीतरी देते असे सांगून जवळ बोलावले. प्रेषितांनी (स.) तिला विचारले की तू त्याला काय देणार होतीस. तिने खजूर देणार असल्याचे सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की तिने काहीच दिले नसते, तर तिच्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. मुलाला जवळ बोलावण्यासाठी केलेला रिकामा बहाणाही जिथे असत्य ठरतो, तिथे मुलाच्या देखत, मुलाच्याच साठी नोंदविलेली खोटी जन्मतारीख काय ठरेल? त्या आभासी जगाचा उंबरठा आपले मूल आपलाच हात धरून खोटे बोलत ओलांडते. मग तिथे त्याने खरे वागावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

शिवाय खोट्या वयाचे नुकसान प्रत्यक्षही आहे. अल्पवयीनांच्या खात्यांना या कंपन्या काही संरक्षण देतात. मूल प्रौढ म्हणून नोंदविले गेले की ते संरक्षण त्याला मिळत नाही. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद केली आहे. कायद्याने जी जबाबदारी पालकांवर सोपविली, ती एका खोट्या आकड्याने आपण स्वतःच झटकून टाकू नये.

काय सांगावे, कोणाला सांगावे

हजरत याकूब (अलै.) यांनी मुलाला जे सांगितले, त्याला आजच्या भाषेत खासगीपणाचा धडा म्हणता येईल. स्वप्न शुभ होते, त्यात लपविण्यासारखे लाजिरवाणे काहीच नव्हते. तरीही ते सर्वांना सांगण्याजोगे नव्हते. चांगली गोष्टही जपून ठेवावी लागते, हे मुलाला उमजणे महत्त्वाचे आहे. घराचा पत्ता, शाळेचे नाव, शिकवणीची वेळ, आपण आता कोठे आहोत हे दाखविणारे ठिकाण, सहलीला गेल्यामुळे घर बंद असल्याची बातमी, पासवर्ड आणि ओटीपी या गोष्टी 'भावांनाही न सांगण्याच्या' यादीतील आहेत.

प्रेषितांची (स.) सेवा करणारे बालक हजरत अनस (रजि.) यांचा प्रसंग मुलांना अवश्य सांगा. प्रेषितांनी (स.) त्यांना एका कामासाठी पाठविले. त्यामुळे घरी जायला उशीर झाला. मातेने कारण विचारले, तेव्हा ते गुपित असल्याचे त्यांनी सांगितले. माता उम्मे सुलैम (रजि.) रागावल्या नाहीत, उलट प्रेषितांचे (स.) गुपित कोणालाही सांगू नकोस, अशी ताकीद त्यांनी दिली. मैत्रिणीने विश्वासाने पाठविलेल्या संदेशाचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर टाकणाऱ्या मुलीला हा प्रसंग बरेच काही शिकवून जाईल. दुसऱ्याची गोष्ट ही आपल्याजवळची अमानत आहे.

मात्र येथे एक भेद मुलांना समजावून द्या. दुसऱ्याचे भले करणारे गुपित जपायचे असते. पण जो कोणी "आपल्यातले हे अम्मी-अब्बांना सांगू नकोस" असे मुलाला सांगतो, मग तो अनोळखी असो, नातलग असो वा शिक्षक असो, त्याचे ते गुपित जपायचे नसते; ते त्याच दिवशी घरी सांगायचे असते. हजरत यूसुफ (अलै.) यांना विहिरीत टाकणारे परके नव्हते, हे विसरू नका. आणि खेळाच्या अॅपवर मुलाशी गोड बोलणारा 'समवयस्क मित्र' प्रत्यक्षात चाळीस वर्षांचा पुरुष असू शकतो, हे मुलांना न घाबरवता पण स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत अल्लाहने वयात न आलेल्या मुलांनाही तीन वेळी परवानगी घेऊनच मोठ्यांच्या खोलीत येण्यास शिकविण्याचा आदेश दिला आहे: फजरच्या नमाजपूर्वी, दुपारी कपडे उतरवून विसावताना आणि इशाच्या नमाजनंतर. घरातही एकांताला मान असतो, हे मुलाने लहानपणीच शिकावे अशी ही योजना आहे. ज्याने हे शिकले, तो दुसऱ्याचे छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय काढणार नाही आणि पुढेही पाठविणार नाही.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. हजरत याकूब (अलै.) यांनी मुलाचे स्वप्नदेखील झाकून ठेवायला सांगितले, आपण मुलीचे गणवेशातील छायाचित्र, नाव, शाळा, गुणपत्रिका आणि वाढदिवस शेकडो लोकांपुढे मांडतो. कौतुक करावे, पण ते आजी-आजोबांपर्यंत, मामा-खालापर्यंत पोहोचले तरी पुरे आहे.

खोट्या रक्ताचा सदरा

पुढे भाऊ रडत घरी आले. हाती रक्ताने माखलेला सदरा होता. आपल्या दाव्याला त्यांनी जणू 'फोटो पुरावा' जोडला होता. परंतु हजरत याकूब (अलै.) अश्रूंनी आणि रक्ताच्या डागांनी फसले नाहीत. ही तुमच्या मनाने रचलेली गोष्ट आहे, हे त्यांनी ओळखले आणि उत्तम धैर्याचा मार्ग धरला. भाष्यकार लिहितात की लांडग्याने खाल्लेल्या मुलाचा सदरा कोठेही फाटलेला नव्हता. याच सूरहमध्ये पुढे दुसरा सदरा येतो. हजरत यूसुफ (अलै.) यांच्यावर खोटा आळ घेतला गेला, तेव्हा सदरा पुढून फाटला आहे की मागून, हे तपासून सत्य उघड झाले. एक सदरा खोटे सांगत होता, दुसऱ्याने निरपराध्याला सोडविले. तपासणाऱ्याची नजर मात्र दोन्ही वेळी लागली.

आपल्या मुलांच्या मोबाईलवर रोज असे सदरे येतात. आज तर न बोललेले शब्द एखाद्याच्या आवाजात ऐकवता येतात, न घडलेला प्रसंग चित्रफितीत दाखविता येतो. अशा वेळी सूरह हुजुरातची सहावी आयत त्यांना अर्थासह शिकवा. तिचा आदेश असा की, अविश्वासार्ह माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करावी, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाची हानी करून बसाल आणि मग पश्चात्ताप कराल.

हा पश्चात्ताप महाराष्ट्राने पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. तेवढ्यावर पाच घरांचे आधार गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. पण ती मर्यादा बोटाला घातली गेली. मनाला मर्यादा घालणे हे आपले काम आहे. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा अर्थाची प्रेषितवाणी सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आली आहे. 'मी लिहिले नाही, फक्त फॉरवर्ड केले' ही सबब त्यापुढे टिकत नाही.

आपल्या किशोरवयीन मुलांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगितली पाहिजे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सअॅप स्टेटसवरून तणाव उसळला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. स्टेटस २४ तासांत नाहीसे होते. त्यामुळे फुटलेली दुकाने, मोडलेला शेजार आणि कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षे राहतात. सूरह अनआमच्या १०८ व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना इतरांच्या आराध्यांना अपशब्द बोलण्यास मनाई केली आहे, कारण त्यामुळे तेही अज्ञानाने अल्लाहविषयी अपशब्द बोलतील. म्हणून कोणी डिवचले तरी दुसऱ्याच्या श्रद्धास्थानांवर, त्याला वंदनीय असलेल्या व्यक्तींवर चिखल उडविणारा मजकूर आपल्या मुलाच्या बोटातून जाता कामा नये. यात भित्रेपणा नाही. हा अल्लाहचा आदेश आहे. त्याच हुजुरात सूरहच्या अकराव्या व बाराव्या आयतीत टिंगल, टोपणनावे, संशय, हेरगिरी आणि गीबत यांना मनाई आहे. वर्गातील जाड्या मुलाचे 'मीम' बनविणे, कोणाच्या बोलण्याची नक्कल करून रील टाकणे हे या आयतींच्या कक्षेबाहेरचे आहे, असे समजू नका.

बंद दारामागे

हजरत याकूब (अलै.) यांना मुलाला कायम नजरेसमोर ठेवता आले नाही. आपल्यालाही येणार नाही. मिसरमध्ये एका घरात सर्व दारे बंद झाली, बोलावणारी स्त्री प्रतिष्ठित होती, यूसुफ (अलै.) तरुण होते, परदेशात होते, पाहणारे कोणी नव्हते. त्या क्षणी त्यांनी अल्लाहचा आसरा मागितला आणि ते दाराकडे धावले. दारे बंद आहेत हे ठाऊक असूनही धावले.

बंधूंनो, पासवर्ड लावलेला मोबाईल हेच आजचे बंद दार आहे. आपण त्यावर कितीही कुलपे लावली, तरी एक दिवस मुलाजवळ किल्ली असणारच. म्हणून त्याच्या मनात ही जाणीव रुजविली पाहिजे की सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीप्रमाणे कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब विचारला जाणार आहे. हजरत लुकमान यांनी मुलाला सांगितले होते की मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात, आकाशांत वा धरतीत कोठेही दडलेली असली, तरी अल्लाह ती बाहेर आणील. मुलांना हे चटकन पटते, कारण 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलेला संदेशही कोणाच्या तरी स्क्रीनशॉटमध्ये उरतो, हे त्यांनी पाहिलेले असते.

येथे एक अन्याय आपण थांबवू या. आपल्याकडे मोबाईलचे निर्बंध बहुधा मुलींवरच येतात. परंतु सूरह नूरमध्ये नजर झुकविण्याचा आदेश ३० व्या आयतीत प्रथम पुरुषांना दिला आहे आणि स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. आणि शीलरक्षणाचा आदर्श म्हणून या सूरहमध्ये अल्लाहने एक तरुण पुरुष आपल्यापुढे ठेवला आहे. मुलालाही तितक्याच गांभीर्याने हया शिकवा.

देखरेख करू नये असा याचा अर्थ नाही. ती उघडपणे करा. लहान वयात मोबाईल सर्वांच्या बैठकीतच वापरला जाईल, खाते खासगी राहील, अनोळखी विनंती स्वीकारली जाणार नाही, हे मुलाबरोबर बसून ठरवा. प्रेषितांना (स.) इशाच्या नमाजनंतर गप्पा मारत बसणे पसंत नव्हते; हाच नियम करून रात्री घरातील सर्व मोबाईल, आपलेही, एका ठिकाणी ठेवा. मूल झोपल्यावर चोरून त्याचे संदेश वाचत बसण्यापेक्षा, अधूनमधून पाहणार आहे असे आधीच सांगून पाहणे कितीतरी चांगले. मूल मोठे होत जाईल तसतशी ही देखरेख सैल करा आणि विश्वास वाढवा.

मूल चुकले तर

आता सर्वात नाजूक गोष्ट. समजा, नववीतील मुलगी वा मुलगा कोणाच्या तरी गोड बोलण्याला भुलून आपले छायाचित्र पाठवून बसला. आता समोरचा धमकावतो आहे, पैसे मागतो आहे, आणखी छायाचित्रे मागतो आहे. रात्रीचे अकरा वाजले आहेत. मुलाच्या मनात एकच प्रश्न आहे: अब्बांना सांगू की नको? या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री ठरत नाही. मागील दहा वर्षांत काच फुटल्यावर, गुण कमी पडल्यावर, खोटे उघडे पडल्यावर आपण कसे वागलो, त्यावरून ते ठरलेले असते. 'असे काही केलेस तर याद राख' हे वाक्य ज्याने वारंवार ऐकले आहे, ते मूल धमकावणाऱ्यापेक्षा आपल्यालाच अधिक भिते. गुन्हेगाराचे सर्वात मोठे बळ हीच भीती असते. काही मुले या भीतीपोटी जिवावर उदार होतात. अल्लाह सर्वांचे रक्षण करो.

मुस्नद अहमदमधील प्रसंग आठवा. एका तरुणाने प्रेषितांकडे (स.) चक्क व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवून घेतले, तुझ्या मातेच्या, मुलीच्या, बहिणीच्या बाबतीत हे तुला आवडेल काय असे शांतपणे विचारले आणि शेवटी त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. तो तरुण पुन्हा त्या वाटेकडे वळला नाही. आधी जवळ घेतले, मग समजावले.

म्हणून मूल सांगायला आले, तर प्रथम त्याला जवळ घ्या. सांगितलेस हे फार चांगले केलेस, असे म्हणा. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका. दिल्याने मागणी वाढते. संभाषण पुसू नका, तोच पुरावा आहे. मात्र मुलाचे छायाचित्र नातेवाइकांना 'दाखविण्यासाठी' कोणालाही पाठवू नका. त्या खात्याची तक्रार त्या अॅपवर करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइन १९३० किंवा चाइल्डलाइन १०९८ वर संपर्क साधा आणि पोलिसांत जा. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगे आणि मुली या दोघांनाही संरक्षण देतो आणि पीडित बालकाची ओळख गुप्त राखण्याचे बंधन घालतो. इज्जत जाईल या भीतीने गप्प बसल्यास गुन्हेगार मोकळा राहतो आणि उद्या दुसऱ्या घरातील मूल त्याच्या जाळ्यात सापडते.

आणि हे प्रकरण मिटल्यावर? सूरह यूसुफचा शेवट पाहा. ज्यांनी विहिरीत ढकलले, तेच भाऊ समोर उभे होते. हजरत यूसुफ (अलै.) यांनी आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही असे सांगून त्यांच्यासाठी क्षमा मागितली. पुढे माता-पित्यांसमोर अल्लाहचे उपकार मोजताना त्यांनी तुरुंगातून सुटल्याचा उल्लेख केला, विहिरीचा केला नाही. भाष्यकार म्हणतात, भावांना पुन्हा शरमिंदे व्हावे लागू नये म्हणून. भावांच्या एवढ्या मोठ्या अपराधाचे नावही त्यांनी काढले नाही. मग आपल्या लेकराची एक चूक प्रत्येक भांडणात, प्रत्येक पाहुण्यासमोर उकरून काढण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला? जो दुसऱ्याचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह झाकतो, ही शुभवार्ता आपल्या मुलांच्या बाबतीतही आहे.

आज इशानंतर मोबाईल बाजूला ठेवा, मुलांना जवळ बसवा आणि त्यांना ही सूरह सांगा. सांगून झाल्यावर एवढेच म्हणा: "बाळा, तुझे स्वप्न असो की तुझी चूक, आधी माझ्याकडे ये. मी ऐकेन." आणि मग ते खरोखर आले, तर ऐका.

हे अल्लाह, आमच्या मुलांच्या डोळ्यांचे, बोटांचे आणि मनांचे रक्षण कर. आम्ही जिथे पाहू शकत नाही तिथेही तू पाहत आहेस, ही जाणीव त्यांच्या अंतःकरणात जागी ठेव. आणि आम्हाला असे माता-पिता बनव, ज्यांच्याकडे त्यांची मुले न घाबरता येतील. आमीन.